नकाशा आधी, यंत्र नंतर

शिरूरहून मोटारीने दौंडला निघालात की न्हावऱ्यापर्यंत फारसा विचार करावा लागत नाही. खरा निर्णय न्हावऱ्यात घ्यायचा असतो. तिथून एक रस्ता दक्षिणेला वळतो, पारगावला भीमा ओलांडतो, केडगावजवळच्या चौफुल्याला पुणे-सोलापूर महामार्गाला मिळतो आणि पाटसवरून दौंडला पोचतो. दुसरा रस्ता पूर्वेला इनामगावकडे जातो, घोड नदी ओलांडून श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीत शिरतो आणि तिथून खाली येऊन दौंडपाशी भीमेच्या पुलावर चढतो. म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्यातून शेजारच्या तालुक्यात जाताना मधे अहिल्यानगर जिल्हा लागतो. शिरूर आणि दौंड यांच्यात सरळ रेषेत जेमतेम ४५ किलोमीटर अंतर आहे. पण इथले अंतर ठरते ते पुलांवरून. पक्का पूल कुठे आहे, कुठे नुसता बंधारा आहे, धरणातून पाणी सोडले की कुठला रस्ता बंद होतो, गळीत हंगामात कुठल्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, हे इथल्या माणसाला पाठ असते. मोटारीतल्या जीपीएसला यातले किती ठाऊक आहे, यावर त्याची किंमत ठरवावी. दुकानात मात्र आपण पडद्याचा आकार पाहतो.

या प्रकरणात सांगायचे ते थोडक्यात असे: स्वस्त आणि भरवशाचे नेव्हिगेशन हवे असेल तर आधी नकाशा निवडावा, मग यंत्र. आणि नकाशाची परीक्षा पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर न घेता आपल्या शिवारात घ्यावी.

उपग्रह सर्वांना सारखे

अमेरिकेने जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला आणि १९९५ साली ही यंत्रणा पूर्ण क्षमतेने सुरू झाली. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून किमान २४ उपग्रह पृथ्वीभोवती फिरत राहतात. प्रत्येक उपग्रह सतत मुख्यतः दोन गोष्टी सांगत असतो: मी आत्ता कुठे आहे आणि माझ्या घड्याळात किती वाजले. तो संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाच्या पंधराव्या भागाइतका वेळ लागतो. किती वेळ लागला यावरून उपग्रह किती लांब आहे ते कळते. असे चार उपग्रह एकाच वेळी दिसले की आपले अक्षांश, रेखांश, उंची आणि अचूक वेळ या चारही गोष्टी गणिताने निघतात. घड्याळात एक मायक्रोसेकंदाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकते, म्हणून या उपग्रहांमध्ये अणुघड्याळे बसवलेली असतात.

सुरुवातीला अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. मे २००० मध्ये ती चूक काढून टाकली गेली आणि साध्या ग्राहकयंत्राची अचूकता एकदम वाढली. मोटारींसाठीच्या नेव्हिगेशनचा बाजार खऱ्या अर्थाने बहरला तो त्यानंतर. आज मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोनही पाचेक मीटरांच्या आत आपली जागा दाखवतो.

भारताचे स्वतःचे उपग्रहही आता या कामात आहेत. इस्रोने १ जुलै २०१३ रोजी या मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. २०१६ साली सातवा उपग्रह गेल्यावर या यंत्रणेला ‘नाविक’ हे नाव मिळाले. पुढे काही उपग्रहांमधली परदेशी अणुघड्याळे बंद पडली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात भारतात बनवलेले रुबिडियम घड्याळ बसवले गेले. मोबाईलच्या चिपमध्ये ‘नाविक’ २०२० पासून येऊ लागले.

खरेदीच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, उपग्रहांच्या संदेशाला पैसे पडत नाहीत. पाच हजारांच्या फोनला आणि पन्नास लाखांच्या गाडीला तेच उपग्रह दिसतात. शिरूर-दौंडसारख्या सपाट, उंच इमारती नसलेल्या मुलखात आकाश मोकळे असते, त्यामुळे उपग्रह दिसण्याची अडचण इथे सहसा येतच नाही. दुसरी, जीपीएसला मोबाईलची रेंज लागत नाही. ‘रेंज गेली म्हणून जीपीएस बंद पडले’ असे आपण म्हणतो तेव्हा बंद पडलेला असतो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येत असतो. आपली जागा फोनला तेव्हाही कळत असते. रेंज असली तर उपग्रहांचे वेळापत्रक फोनला नेटवरून पटकन मिळते. ते उपग्रहांकडूनच घ्यायचे झाले तर पूर्ण यायला साडेबारा मिनिटे लागतात. बरेच दिवस बंद असलेले यंत्र सुरू केल्यावर जागा सापडायला वेळ घेते ते यामुळे.

नकाशा कोण काढतो

जागा उपग्रह सांगतात. ‘त्या जागेवर रस्ता आहे, तो डांबरी आहे, पुढे डावीकडे वळतो आणि त्याला अमुक गाव लागते’ हे मात्र कुणीतरी जमिनीवर पाहून, मोजून, लिहून ठेवावे लागते. भारतात या कामाची परंपरा मोठी आहे. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ साली झाली. देशाच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात करणारा विल्यम लॅम्बटन काम करता करताच १८२३ साली वर्ध्याजवळ हिंगणघाटला वारला आणि त्याची कबरही तिथेच आहे. पण या मेहनतीचे नकाशे सामान्य माणसाच्या हाती फार काळ आले नाहीत. ते संरक्षणाच्या दृष्टीने जपले गेले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दार थोडे उघडले आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्था व कंपन्यांना आगाऊ परवानगीशिवाय नकाशे तयार करण्याची मोकळीक दिली.

मोटारचालकाला आज मुख्यतः तीन प्रकारचे नकाशे मिळतात. पहिला गुगलचा. उपग्रह-छायाचित्रे, लोकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्या लाखो फोनांच्या हालचाली यांतून तो सतत बदलत राहतो. दुसरा मॅपमायइंडियाचा. ही भारतीय कंपनी १९९५ साली स्थापन झाली. तिचे ॲप ‘मॅपल्स’ या नावाने मिळते; अनेक मोटारकंपन्या गाडीत बसवून देतात त्या नेव्हिगेशनमागे तिचाच नकाशा असतो. तिसरा ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा स्वयंसेवक काढतात, तो कुणालाही फुकट वापरता येतो आणि ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड यांसारखी ॲप त्याच्यावर चालतात. संपूर्ण महाराष्ट्र फोनमध्ये उतरवून घेतला की ही ॲप इंटरनेटशिवाय पत्ता शोधतात आणि वळणेही सांगतात.

या तिन्हींत एक गोष्ट समान आहे: जिथे माणसे जास्त, तिथे नकाशा चांगला. गुगलने जुलै २०२२ मध्ये रस्त्यावरून काढलेल्या छायाचित्रांची सेवा भारतात पुन्हा सुरू केली तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणेही होते आणि तेव्हाचे अहमदनगरही होते. त्या दोन्हींच्या मधल्या शिरूरचे नाव यादीत नव्हते. फोनांच्या हालचालीवरून रस्त्याचा वेग ठरवण्याची पद्धतही वर्दळीच्या रस्त्यावर उत्तम चालते. दिवसाला चार गाड्या जाणाऱ्या रस्त्याबद्दल यंत्राकडे अंदाजच असतो. यंत्र प्रत्येक रस्त्याला वेळेचा एक आकडा देते आणि ज्या मार्गाची बेरीज सर्वांत कमी तो सुचवते. अरुंद, खड्ड्यांच्या रस्त्याचा आकडा चुकून कमी धरला गेला की तोच ‘जलद मार्ग’ ठरतो.

शिवारातली परीक्षा

म्हणून कुठलेही ॲप किंवा यंत्र पसंत करण्याआधी त्याला चार प्रश्न विचारावेत. उत्तरे आपल्याला आधीच ठाऊक असली पाहिजेत.

पहिला प्रश्न नावांचा. एकट्या शिरूर तालुक्यात दोन रांजणगावे आहेत: अष्टविनायकांतले रांजणगाव गणपती आणि भीमा व मुळा-मुठेच्या संगमाजवळचे रांजणगाव सांडस. निमगावेही एकाहून अधिक आहेत: निमगाव म्हाळुंगी, निमगाव भोगी, निमगाव दुडे. शिक्रापूरजवळ तळेगाव ढमढेरे आहे आणि त्याच जिल्ह्यात, मावळात, तळेगाव दाभाडे. खुद्द शिरूर म्हणाल तर बीडमध्ये शिरूर कासार आहे, लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद आहे. ‘रांजणगाव’ एवढेच टाकल्यावर ॲप दोन्ही पर्याय तालुक्यासह समोर ठेवते का, की स्वतःच एक निवडून निघते, ते पाहावे. ‘घोडनदी’ टाकल्यावर शिरूर सापडते का, ‘न्हावरा’ आणि ‘न्हावरे’ दोन्ही चालतात का, ‘अहमदनगर’ आणि ‘अहिल्यानगर’ दोन्ही नावांनी एकच शहर मिळते का, हेही तपासावे. देवनागरीत टाकून आणि बोलून, अशा दोन्ही तऱ्हांनी शोधून पाहावे. घरातले वडीलधारे गाडीत असतील तर सूचना मराठीतून मिळतात का, हेही पाहण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न वस्तीचा. या भागात बरीच घरे गावठाणात नसून शेतात, वस्त्यांवर आहेत. पत्ता विचारलात तर ‘फाट्यावरून आत या, चारी ओलांडा, डीपीपासून उजवीकडे’ असा मिळतो. आता नकाशा काय करतो ते बघा. समजा वस्तीवरल्या घराची खूण नकाशावर बरोबर आहे, पण घरापर्यंतची वाट नकाशात नाही. यंत्र त्या खुणेच्या सर्वांत जवळचा माहीत असलेला रस्ता शोधते आणि तिथे आणून ‘तुम्ही पोचलात’ म्हणते. चासकमानच्या किंवा घोडच्या कालव्याच्या काठी हा जवळचा रस्ता पुष्कळदा पलीकडच्या काठावरचा असतो. घर समोर दिसते, मधे पाण्याने भरलेला कालवा असतो आणि ओलांडायचा पूल मागे कुठेतरी राहिलेला असतो. पाव्हण्यांना एक हेलपाटा पडतो, एवढ्यावर हे निभावते. रात्री बोलावलेल्या १०८ च्या रुग्णवाहिकेला तोच हेलपाटा महाग पडू शकतो. म्हणून आपल्या ओळखीच्या तीन-चार वस्त्या टाकून यंत्र कुठे नेऊन सोडते ते पडद्यावर बारकाईने पाहावे.

वस्तीचा पत्ता पाठवताना गावाच्या नावापेक्षा अक्षांश-रेखांश किंवा त्यांच्यावरून तयार होणारा छोटा संकेत पाठवणे केव्हाही चांगले. दशांश चिन्हानंतर चार अंक असले तर चूक सुमारे ११ मीटरांच्या पलीकडे जात नाही. गुगलचा प्लस कोड आणि मॅपल्सचा सहा अक्षरांचा पिन ही याचीच सोपी रूपे. खूण मात्र घरावर न ठेवता घराकडे वळणाऱ्या वाटेच्या तोंडावर ठेवावी, म्हणजे यंत्राला पलीकडच्या काठावर जाण्याचे कारण उरत नाही.

तिसरा प्रश्न नदीचा. घोड, भीमा आणि मुळा-मुठेवर पक्के पूल आहेत तसे कोल्हापूर पद्धतीचे बंधारेही आहेत. उन्हाळ्यात अशा बंधाऱ्यांवरून दुचाकी जाते, कधी लहान गाडीही जाते. त्यांवरून गेलेल्या फोनांच्या खुणा पाहून नकाशाला तो रस्ता वाटू शकतो. उजनी धरणात किती पाणी येते याच्या बातम्यांत दौंडचा विसर्ग रोज सांगितला जातो; तो वाढला की याच बंधाऱ्यांवरून पाणी वाहत असते. आपल्या ॲपला भीमेच्या अलीकडचे एक गाव आणि पलीकडचे एक गाव द्या आणि ते कुठून ओलांडायला सांगते ते बघा. पुलावरून नेत असेल तर उत्तम. बंधाऱ्यावरून नेत असेल तर पावसाळ्यात त्या ॲपवर एकट्याने विसंबू नये.

चौथा प्रश्न बदलाचा. दर वर्षी १ जानेवारीला कोरेगाव भीमाजवळ पेरणे येथील जयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी लाखो लोक येतात आणि पुणे-नगर रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते. नगरकडून येणाऱ्या गाड्यांना शिरूर, न्हावरा, पारगाव, चौफुला, यवत, हडपसर असा मार्ग दिला जातो. हा बदल पोलीस आधी जाहीर करतात. त्या दिवशी आपला नकाशा कोरेगाव भीमाकडेच पाठवतो की वळसा ओळखतो, ही त्याची खरी कसोटी. दौंड शहरातही असेच पाहावे. रेल्वेमार्गाने शहर दुभागले आहे आणि रेल्वेखालच्या कुरकुंभ मोरीसारख्या अरुंद जागेतून वाहतूक होते. मोटारीसाठीचे साधे ॲप उंचीचा विचार करत नाही, म्हणून टेंपो किंवा वर सामान बांधलेली गाडी असेल तर चालकाने स्वतः लक्ष ठेवावे.

पाण्याखालचा रस्ता

नदीचा प्रश्न किती गंभीर आहे ते जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात दिसले. कळसूबाईला निघालेली पुण्याची एक गाडी रात्री कोतूळजवळ नकाशा दाखवील त्या रस्त्याने गेली. त्या रस्त्यावरचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्यात बुडालेला होता. गाडी पाण्यात गेली. दोघे बाहेर पडले, चालकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या, पुराने तुटलेल्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघांचा मृत्यू झाला. दोन्हीकडे उपग्रहांनी जागा बरोबर सांगितली होती. नकाशातला रस्ता जमिनीवर उरला नव्हता आणि तो बंद असल्याचा ठळक फलकही वाटेत नव्हता.

यावरून एक नियम करावा. अंधारात, पावसात किंवा अनोळखी भागात यंत्राने मुख्य रस्ता सोडून नदीकडे उतरायला सांगितले की थांबावे आणि फाट्यावरच्या हॉटेलात, पेट्रोलपंपावर, दूधसंकलन केंद्रावर विचारून घ्यावे. पुढच्या गावच्या माणसाचे उत्तर कुठल्याही सर्व्हरपेक्षा ताजे असते.

पैसे कुठे घालावेत

मोटारीत नकाशा आणायच्या वाटा चार. गार्मिन किंवा मॅपमायइंडियासारख्या कंपन्यांचे स्वतंत्र यंत्र ही जुनी वाट. ते इंटरनेटविना चालते, पण घेतले तर नकाशा किती वर्षे फुकट ताजा करून मिळेल ते लेखी पाहावे. जुन्या नकाशाचे यंत्र नव्या उड्डाणपुलापाशी गोंधळते. दुसरी वाट गाडीसोबत कंपनीने दिलेल्या नेव्हिगेशनची. तिचा दर्जा चांगला असतो, मात्र फुकट मुदत संपल्यावर नकाशा नवा करायला बरेचदा पैसे मोजावे लागतात. तिसरी, कार डेकोरच्या दुकानात मिळणारा अँड्रॉइड स्टीरिओ. इथे जपून राहावे. मेमरी कमी असलेला स्वस्त स्टीरिओ वर्षभरात रखडू लागतो. त्यात सिम नसेल तर फोनचा हॉटस्पॉट लागतोच. त्याची जीपीएसची अँटेना डॅशबोर्डच्या आत धातूखाली कोंबून ठेवली तर गाडीची जागा इकडेतिकडे उड्या मारते. ती काचेजवळ, आकाश दिसेल अशी बसवून घ्यावी. आणि ‘सगळे नकाशे टाकून देतो’ म्हणणाऱ्याचा चोरीचा नकाशा घेऊ नये, कारण तो पुन्हा कधीच ताजा होत नाही.

चौथी वाट बहुतेकांसाठी सर्वांत शहाणपणाची: हातातला फोन, एक मजबूत स्टँड, चांगली चार्जिंगची वायर आणि फोनमध्ये उतरवलेला ऑफलाइन नकाशा. दोन-चारशे रुपयांत काम सुरू होते. गुगलचा ऑफलाइन नकाशा ठरावीक मुदतीनंतर शिळा होतो, म्हणून प्रवासाआधी घरच्या वायफायवर तो नवा करून घ्यावा. सोबत ओपनस्ट्रीटमॅपवरचे एक ॲपही ठेवावे. दोन नकाशांनी वेगवेगळे रस्ते दाखवले तर तिथे काही गडबड आहे, हे आधीच कळते. एप्रिल-मेच्या उन्हात काचेला चिकटवलेला फोन तापून बंद पडतो. एसीच्या झडपेसमोर लावलेला टिकतो. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या मोटार वाहन नियमांनुसार गाडी चालवताना फोनचा वापर फक्त मार्ग पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करता येतो. तेव्हा पत्ता गाडी सुरू करण्यापूर्वी टाकावा आणि पुढे कानाने ऐकावे.

पुढे मोठ्या पडद्यावर खर्च करायचाच झाला तर अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालणारा स्टीरिओ घ्यावा. त्यात पडदा गाडीचा आणि नकाशा फोनचा असतो. उद्या दुसरा नकाशा सरस ठरला तर ॲप बदलले की झाले, स्टीरिओ बदलावा लागत नाही.

नकाशा आपणही भरायचा असतो

नकाशा चांगला नाही म्हणून सोडून देता येत नाही, कारण शिरूर-दौंडच्या वस्त्यांवर सर्वेक्षणाची गाडी कधी येईल याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. गुगल आणि मॅपल्स दोन्ही ॲपमध्ये चुकलेला रस्ता, बंद रस्ता, चुकीचे नाव कळवायची सोय आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर तर आपल्या वस्तीची वाट आपणच उपग्रह-छायाचित्रावरून काढू शकतो आणि ती दुरुस्ती सर्वांना खुली होते. गावात संगणक हाताळणारी चार मुले-मुली असतातच. ग्रामपंचायतीने त्यांच्याकडून वस्त्यांची नावे, पाणंद रस्ते, कालव्यावरचे पूल आणि पावसाळ्यात बंद होणारे बंधारे एवढे जरी नकाशावर घातले, तरी त्या गावापुरता नकाशा शहरातल्या नकाशाच्या तोडीचा होईल. गावनकाशातली शिवेची वाट तलाठ्याच्या दप्तरात असते. ती चालकाच्या पडद्यावर यायला त्यापुढचे एक पाऊल लागते आणि ते गावालाच उचलावे लागते.

स्वस्त यंत्र आणि चांगला नकाशा यांचा मेळ असाच बसतो. यंत्रावरचा खर्च वाचवा आणि वाचलेला एक तास आपल्या वस्तीची वाट नकाशावर आणण्यात घाला. रस्ता चुकणारा पाव्हणा, माल पोचवणारा टेंपोवाला आणि रात्री निघालेली रुग्णवाहिका, सगळे त्याच नकाशावर चालतात.